रविवारच्या मॅचला काय पाजायचं

ए-२०३ : रविवारी बॉक्स क्रिकेटची फायनल, मुलं पंचवीसेक आहेत, कोल्ड्रिंकच्या १० मोठ्या बाटल्या सांगून ठेवतोय, चालेल ना सगळ्यांना

सी-४०२ : दादा प्लीज कोल्ड्रिंक नको. आमच्या मोठ्याचं पोट दुखत होतं म्हणून मागच्या महिन्यात सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हर निघालं, वय १५, घरात दारूचा थेंब नाही. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की कोल्ड्रिंक किती पितो, आणि क्लासवरून येताना हा रोज ६०० एमएलची बाटली घेतो हे मला तिथे बसून कळलं. घरी येऊन लेबल वाचलं, १०० एमएलला साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे एका बाटलीत ६० ग्रॅमच्या वर, १२ चमचे!! त्यातली निम्मी फ्रुक्टोज, ती बहुतेक सगळी लिव्हरलाच निस्तरावी लागते आणि जास्त झाली की तिथेच चरबी साठते

ए-२०३ : बापरे ताई. आता बरा आहे ना? पण एका दिवसानं काय होतंय

बी-१०१ : एका दिवसानं नाही होत, पण चटक अशीच लागते रे. मी नाइट शिफ्टला जाग राहावी म्हणून १४ वर्षं रोज एक बाटली प्यायलो, ४३ व्या वर्षी शुगर निघाली. आमच्या घराण्यात आहे, सगळा दोष बाटलीचा नाही म्हणत, पण ते पिऊन पोट भरत नाही, जेवण तेवढंच जातं, म्हणून कळतच नाही किती साखर गेली. आता दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय, तळपायाला मुंग्या येतात, गोळ्या आणि स्ट्रिप्स जन्माच्या

डी-६०१ : काका, २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले होते, रोज एक-दोन ग्लास गोड पेय घेणाऱ्यांना टाइप टू डायबेटिसचा धोका २६ टक्के जास्त निघाला. दात किडतात ते वेगळंच

ए-५०४ : मग मँगोचे टेट्रापॅक आणूया?

डी-६०१ : वहिनी त्यातही साखर तेवढीच, कधी जास्तच

सी-४०२ : मी कोकम करते ना. फक्त आगळ आणा, सिरप नको, सिरपमध्ये साखर असते. आणि काकूंचं ताक

बी-१०१ : हिनं हो म्हटलंय, ५ लिटर ताक आमच्याकडून

ए-२०३ : ओके बाटल्या कॅन्सल. बर्फ मी आणतो, मोठं पातेलं कुणाकडे आहे?