पाच रेघांचं अक्षर, डझनभर वाचनं: जपानीत नेमकं कुठलं कधी?

प्रश्न: कांजी_पहिली_पायरी

तीन आडव्या रेघा, मधून एक उभी, डाव्या खांद्यावर एक तिरपी. ‘गाकुसेइ’ (विद्यार्थी) या शब्दातलं दुसरं अक्षर, 生. जपानीत हे कधी ‘सेइ’, कधी ‘शो’, कधी ‘नामा’, कधी ‘इकिरु’. कोरियनमध्ये मात्र सरळ एकच ‘सेंग’, व्हिएतनामीत ‘सिन्ह’. जपानीतलं वाचन ओळखायची काही रीत आहे का? कोरियन येत असेल तर उपयोग होतो का? आणि चिनी उच्चार देवनागरीत ‘शेंग’ लिहायचा का?

उत्तर: ओकुरिगाना

आधी अक्षराच्या मागे काय लटकतंय ते बघा. हिरागाना (जपानी ध्वनिलिपी) असेल तर प्रश्न मिटला. ‘किरु’ असेल तर ‘इकिरु’ (जगणे), ‘मारेरु’ असेल तर ‘उमारेरु’ (जन्मणे), ‘मु’ असेल तर ‘उमु’ (जन्म देणे), ‘एरु’ असेल तर ‘हाएरु’ (गवत, केस, दात उगवणे). सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: जमिनीतून वर येणारा कोंब. अक्षराचं सर्वांत जुनं रूपही तेच चित्र आहे.

शेजारी दुसरी कांजी (चिनीतून घेतलेलं अक्षर) असेल तर बहुतेक वेळा ‘सेइ’ किंवा ‘शो’. ‘शो’ ही जुनी आयात, बौद्ध ग्रंथांच्या वाचनात मुरलेली. ‘सेइ’ नंतरची, चीनच्या तांग राजवटीची राजधानी छांगआन, तिथल्या बोलीवरून आलेली. म्हणून आयुष्याबद्दलच्या ‘इश्शो’ (आयुष्यभर), ‘शोगाइ’ (हयात) यांत ‘शो’, आणि ‘सेइतो’ (शाळकरी विद्यार्थी), ‘सेइसान’ (उत्पादन) यांत ‘सेइ’. पण यावर फार विसंबू नका, ‘सेइमेइ’ (प्राण) लगेच हा नियम मोडतं. शब्द अख्खाच पाठ करावा.

खरी फसगत ‘नामा’ आणि ‘कि’ यांच्यात होते. ‘नामा’ म्हणजे कच्चं, न शिजवलेलं. ‘कि’ म्हणजे निव्वळ, भेसळ नसलेलं. सोया सॉसच्या बाटलीवर तीच तीन अक्षरं ‘किजोयु’ वाचली तर ‘दुसरं काही न मिसळलेला सॉस’, आणि ‘नामाशोयु’ वाचली तर ‘न तापवलेला सॉस’. दोन वेगळ्या वस्तू, म्हणून उत्पादक बरेचदा वर बारीक हिरागाना छापतात. तसंच ‘वस्तू’चं अक्षर नंतर आलं की ‘सेइबुत्सु’ (सजीव, किंवा जीवशास्त्राचा तास) आणि ‘नामामोनो’ (नाशवंत कच्चे पदार्थ). पार्सलवर असेल तर दुसरं.

उत्तर: हंगुल_ते_हानजा

कोरियनचा उपयोग होतो, आणि चांगलाच. चिनी शब्दांतला शेवटचा ‘ङ’ कोरियनने जपला, जपानीने गमावला. त्याच्या जागी दीर्घ स्वर आला. म्हणून कोरियन ‘सेंग’ला जपानी ‘सेइ’ किंवा ‘शो’. ‘पूर्व’चं अक्षर कोरियनमध्ये ‘दोंग’, व्हिएतनामीत ‘दोंग’सारखंच, जपानीत दीर्घ ‘तो’.

उलट दिशेने मात्र हा हिशेब चालत नाही. जपानी दीर्घ ‘को’ (उंच) कोरियनमध्ये नुसता ‘गो’ असतो, आणि दीर्घ ‘हो’ (कायदा, बौद्ध ग्रंथांत ‘धर्म’ याच अक्षराने येतो) कोरियनमध्ये ‘बॉप’, व्हिएतनामीत ‘फाप’ निघतो. तिथे मुळात ‘प’ होता. तेव्हा कोरियनवरून जपानीचा अंदाज बांधा, जपानीवरून कोरियनचा नको.

‘हाकसेंग’ (विद्यार्थी) म्हणताना ‘क’च्या मागचा ‘स’ ताणून, घट्ट येतो. लेखनात तो दिसत नाही.

उत्तर: चार_सूर

‘शेंग’ लिहू नका, ती भुईमुगाची. रोमन लिपीतला ‘ई’ इथे फसवतो. स्वर आपल्या ‘अ’सारखा आहे, म्हणून ‘षंग’ त्यातल्या त्यात जवळ. ‘ष’ म्हणजे शाळेत शिकवलेला आणि बोलताना कुणी न पाळणारा, जीभ मागे वळवून काढलेला. शेवटचा ‘ग’ फोडायचा नाही, ‘ङ’वर थांबायचं. सूर (आवाजाची पट्टी) पहिला: उंच आणि सपाट. पण चीनच्या मुख्य भूमीवर ‘श्युएषंग’ (विद्यार्थी) मध्ये हा सूर गळतो आणि अक्षर हलकं पडतं. तैवानमध्ये पूर्ण सूर ऐकू येतो.

आणि चिनीत ‘एकच’ उच्चार हे फक्त मँडरिनपुरतं (म्हणजे प्रमाण चिनी). कँटनीजमध्ये (हाँगकाँगकडची चिनी) दोन आहेत: रोजच्या बोलण्यात दीर्घ ‘सांग’ (कच्चं, जन्म देणे, वाढदिवसातला जन्म), पुस्तकी शब्दांत ऱ्हस्व ‘संग’ (जीवन, वैद्य).

उत्तर: ओकुरिगाना

लिहिताना रेघांचा क्रमही बदलतो. चिनी पद्धतीत तिरपी, दोन आडव्या, मग उभी, शेवटी तळाची आडवी. जपानीत तिरपी, एक आडवी, लगेच उभी, मग उरलेल्या दोन आडव्या. वहीत फरक दिसत नाही, पण हाताने लिहून अक्षर शोधणारी ॲप क्रमावर चालत असतील तर कधीकधी भलतंच दाखवतात.

उत्तर: शब्दकोडं_हनोई

अर्थांतही सापळे आहेत. ‘आधी’ अधिक हे अक्षर: जपानीत ‘सेन्सेइ’, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, वकीलसुद्धा. कोरियन ‘सॉनसेंग’ म्हणजे शिक्षक, मागे आदरार्थी ‘निम’ लावल्याशिवाय हाक मारू नये. मँडरिन ‘श्येनषंग’ म्हणजे श्रीयुत, किंवा कुणाचा तरी नवरा.

‘हवा, ऊर्जा’चं अक्षर नंतर जोडलं की जपानी ‘सेइकि’ आणि कोरियन ‘सेंगि’ म्हणजे तरतरी, टवटवी. चिनी ‘षंगछी’ म्हणजे बहुतेक वेळा रागावणे. विद्यार्थ्यांची गंमत वेगळीच: जपानी ‘गाकुसेइ’ मुख्यतः कॉलेजचा, व्हिएतनामी ‘हॉक सिन्ह’ शाळेतला. कॉलेजचा तिथे ‘सिन्ह व्हिएन’.

कांजी_पहिली_पायरी

‘तान्जोबि’ (वाढदिवस) मधला ‘जो’ मग तिसरं वाचन का?

उत्तर: ओकुरिगाना

नाही, तो ‘शो’च. ‘न’च्या मागे येऊन घोष झाला. नावांना मात्र हे काहीच लागू नाही: स्केटिंगमधले हान्यू युझुरु आणि शोगीतले (जपानी बुद्धिबळ) हाबु योशिहारु, दोघांचं आडनाव त्याच दोन अक्षरांनी लिहितात. तिथे विचारून घेणे हाच उपाय.