डिझेल स्विफ्ट, फिल्टरमधलं पाणी
डॅशबोर्डवर डिझेल फिल्टरचा पिवळा दिवा लागलाय, पुढच्या सर्व्हिसपर्यंत तशीच चालवू का असं विचारलंय तुम्ही, तर अजिबात नको! फिल्टरच्या तळाशी पाणी साठलंय, डिझेलपेक्षा जड म्हणून ते खाली बसतं आणि ड्रेन प्लग सैल करून काढता येतं, पण तसंच ठेवलं तर पुढे पंपात, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये जातं, कॉमन रेलला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीला, हजार बारच्या वर प्रेशर आणि तिथे वंगण म्हणजे डिझेलच, त्यात पाणी शिरलं की झीज नि गंज दोन्ही. इंजेक्टरच्या खर्चापुढे फिल्टर काहीच नाही हो. आणि नवा फिल्टर बसवल्यावर मेकॅनिकला आधी हातपंपाने डिझेलच्या लाइनमधली हवा काढायला सांगा, नुसता सेल्फ मारत बसले की पंप कोरडा फिरतो. पावसाळ्यात टाकी अर्धीच्या वर ठेवा, रिकाम्या जागेतली वाफ थंड होऊन टाकीत पाणी धरतं.