वेब ॲक्सेसिबिलिटी (अपंग व्यक्तींनाही वेबसाइट वापरता येणं) मुळापासून शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट सध्या माझ्याकडे आहे. वर्डप्रेसवरची, एका एजन्सीने पूर्वी करून दिलेली. मला एचटीएमएल, सीएसएस चांगलं येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं.

आमच्या सभासदांपैकी एका काकूंना दिसत नाही. फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) लावून त्या बँकेचे व्यवहार करतात, व्हॉट्सॲप वापरतात, पण आमचा पुस्तक-मागणीचा फॉर्म काही त्यांना भरता येईना. त्यांनी मला स्क्रीनवर बोट फिरवून ऐकवलं. प्रत्येक रकान्यावर नुसतं "एडिट बॉक्स", "एडिट बॉक्स". नाव कुठे लिहायचं, सभासद क्रमांक कुठे, काही पत्ता नाही. कोड उघडला तर रकान्यांची नावं साध्या डिव्हमध्ये, म्हणजे रकान्यांशी न जोडलेली. तिथे लेबल टॅग घातले, प्रत्येकाचा 'फॉर' त्या त्या इनपुटच्या आयडीशी जुळवला, आणि फोन "सभासद क्रमांक, एडिट बॉक्स" असं बोलायला लागला. अर्धा फॉर्म आता त्या स्वतः भरतात. तारखेच्या कॅलेंडरपाशी मात्र अजून अडतात, आणि बाकी साइटवर काय काय दडलंय कोण जाणे.

म्हणून हा विषय नीट शिकायचाय. डब्ल्यूसीएजी २.२ (ॲक्सेसिबिलिटीचे आंतरराष्ट्रीय निकष) उघडून बसले, पण ते सरळ वाचत जाण्यासारखं नाही. यूट्यूबवर बरेचसे व्हिडिओ कुठल्या ना कुठल्या प्लगइनची (साइटला जोडायच्या तयार सॉफ्टवेअरची) जाहिरात निघतात. कार्यकारिणीतही "एक प्लगइन टाका, होऊन जाईल" असा सूर आहे, आणि मला ते पटत नाही.

फुकट किंवा परवडणारं काय आहे? कुठल्या क्रमाने शिकावं? आणि मराठी मजकुराचं काय? आमच्या जुन्या सूचना तर सगळ्या पीडीएफ आहेत. मराठीत काही साहित्य असेल तर फार उपयोग होईल, इतर स्वयंसेवकांनाही देता येईल.

प्रतिसाद

ताई, मी टेस्टिंगमध्ये आहे, रोजचं काम हेच. डब्ल्यूसीएजी हा संदर्भग्रंथ आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या वेब ॲक्सेसिबिलिटी इनिशिएटिव्हच्या साइटवर 'इझी चेक्स' (सोप्या प्राथमिक तपासण्या) आहेत, तिथून सुरू करा. तिथेच 'बिफोर अँड आफ्टर' नावाचं प्रात्यक्षिक आहे: एकच साइट आधी चुकांसह, मग दुरुस्त करून, प्रत्येक चुकीवर टिपणासह. तुमच्यासारख्या कोड वाचणाऱ्या माणसाला त्यातून सगळ्यात जास्त मिळेल. त्यांचाच पायाभूत अभ्यासक्रम एडएक्सवर आहे, प्रमाणपत्र नको असेल तर फुकट करता येतो. सोबतीला गूगलच्या वेब डॉट देववरचा 'लर्न ॲक्सेसिबिलिटी' आणि एमडीएन ही वेब-तंत्राची संदर्भ साइट. वेबएम या ॲक्सेसिबिलिटी संस्थेचे लेख मला स्वतःला सगळ्यात आवडतात, कारण ते नियम सांगून थांबत नाहीत, वापरणाऱ्याला काय होतं ते सांगतात.

हे झाल्यावर डब्ल्यूसीएजीकडे या. त्याच्या क्विक रेफरन्समध्ये फक्त ए आणि डबल-ए पातळ्या (निकषांच्या तीन पातळ्यांपैकी पहिल्या दोन) ठेवा, ट्रिपल-ए सध्या राहू द्या.

वेव्ह, ॲक्स, लाइटहाउस ही आपोआप चुका शोधणारी साधनं जरूर वापरा, पण उदाहरणार्थ चित्राला पर्यायी मजकूर (न दिसणाऱ्यांसाठीचं वर्णन) आहे की नाही एवढंच ती सांगतात, तो अर्थाचा आहे का ते माणसालाच बघावं लागतं. रंगासाठी वेबएमचा कॉन्ट्रास्ट चेकर आहे, साध्या आकाराच्या अक्षरांचा मागच्या रंगाशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा.

कॅलेंडर काढून टाका आणि ब्राउझरचं स्वतःचं डेट इनपुट वापरा. ते शोभत नाही असं कुणी म्हणालं तरी. एचटीएमएलमध्ये तयार मिळणारी गोष्ट जावास्क्रिप्टने पुन्हा रचू नये, हे या क्षेत्रातलं पहिलं पथ्य.

प्रतिसाद

मी स्वतः स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. वरची यादी उत्तम आहे, पण अभ्यासक्रमाच्या आधी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या. विंडोजवर चालतं, पूर्ण मोफत आहे. मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि तुमचाच फॉर्म भरून बघा. एच दाबलं की शीर्षकांवरून उड्या मारता येतात, एफ दाबलं की फॉर्मच्या रकान्यांवरून. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या लिंक्सची यादी उघडते. तिथे ओळीने "अधिक वाचा, अधिक वाचा" ऐकू आलं की लिंकचं नाव कसं द्यायचं हे वेगळं शिकावं लागत नाही.

मराठीबद्दल: पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) लिहिली आहे का बघा. मराठी साइटवर तिथे सर्रास इंग्रजी असते, मग स्क्रीन रीडर चुकीच्या आवाजात वाचायला जातो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आहे, उच्चार यांत्रिक वाटतो, पण तपासायला पुरतो.

पीडीएफ स्कॅन असतील तर आम्हाला ती कोरी पानं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर वरून देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि आम्हाला तीच ऐकू येतात. नव्या सूचना युनिकोडमध्ये सरळ पानावरच लिहा.

प्रतिसाद

कार्यकारिणीसाठी दोन गोष्टी. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. आणि प्लगइनचं म्हणाल, तर आमचं प्लगइन टाकलं की कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीनुसार होते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. हे बैठकीत वाचून दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एनव्हीडीए आजच टाकलं. पानाची भाषा खरंच इंग्रजी होती, ती बदलली. डेट इनपुटचं काम या आठवड्यात करते आणि काकूंकडूनच तपासून घेते.

जुन्या सूचनांपैकी स्कॅन केलेल्या टेसरॅक्टने (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढून बघणार आहे, त्यात मराठी आहे. अडलंय ते जुन्या फॉन्टमधल्या फाइलींपाशी. जोडाक्षरं आणि रफार न बिघडवता युनिकोडमध्ये आणणारं कन्व्हर्टर कुणी वापरलंय का? आणि मराठीत लिहिलेलं साहित्य कुणाच्या पाहण्यात असेल तर तेही कृपया सांगा.