मदत हवी आहे: एका प्लगइनमुळे संपूर्ण प्रोग्राम अजून रोझेटावरच चालवावा लागतो

नमस्कार. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या गटाचे संपादनाचे काम मी आठ वर्षांपासून पाहते. आमचे वाचक आपापल्या घरी ध्वनिमुद्रण करतात, त्यामुळे जवळपास प्रत्येक फाइलमध्ये मागे पंख्याची घरघर असतेच. ती काढण्यासाठी मी सुरुवातीपासून एकच प्लगइन (ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामला जोडले जाणारे छोटे साधन) वापरत आले आहे. त्याने घरघर जाते, पण 'श' आणि 'स' यांची धार बोथट होत नाही. केवळ ऐकून अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी हा फरक फार मोठा आहे आणि म्हणूनच हे प्लगइन सहजासहजी सोडून देण्याची माझी तयारी नाही.

अडचण अशी की जुना इंटेल मॅक बदलून मी एम२ चिपचा मॅक मिनी घेतला, आणि ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम ॲपल सिलिकॉनवर, म्हणजे ॲपलच्या या स्वतःच्या चिपवर, थेट चालत असला तरी हे प्लगइन मात्र अजूनही फक्त इंटेलसाठीच उपलब्ध आहे. एकाच प्रक्रियेत दोन वेगळ्या आर्किटेक्चरचा (प्रोसेसरच्या रचनांचा) कोड चालू शकत नाही. त्यामुळे प्रोग्राम थेट चालवला की प्लगइन यादीत दिसत नाही आणि जुना प्रकल्प उघडल्यावर त्याच्या जागी रिकामी चौकट येते. नाइलाजाने मी 'गेट इन्फो'च्या खिडकीत 'ओपन युजिंग रोझेटा' या पर्यायावर खूण करून संपूर्ण प्रोग्रामच रोझेटामार्फत, म्हणजे इंटेलसाठीचा कोड अनुवाद करून ॲपलच्या चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीमार्फत (सध्याची आवृत्ती रोझेटा २), चालवते. ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या 'काइंड' या रकान्यात त्याच्यासमोर 'इंटेल' असे लिहिलेले दिसते. म्हणजे एका प्लगइनसाठी बाकीचा सगळा प्रोग्रामही अनुवादित रूपातच चालतो.

रोझेटा २ बद्दल माझी तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करते. प्रोग्रामच्या कोडचा बराचसा अनुवाद ते आधीच करून जपून ठेवते. म्हणून पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो, नंतर तो फारसा जाणवत नाही. संपादनापुरते मला काहीच अडत नाही. अडते ते प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण चालू असताना. एखादे वाक्य चुकले की वाचकाला मागचा भाग ऐकवत तेवढेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगावे लागते. अशा वेळी बफर (संगणक आवाजाचे जितके नमुने एका वेळी हाताळतो तो गट) १२८ नमुन्यांवर ठेवला की आवाजात तडतड ऐकू येते, आणि ५१२ वर नेला की तडतड थांबते, पण ४४.१ किलोहर्ट्झला एकेका बफरचेच सुमारे ११.६ मिलिसेकंद होतात. जाता-येता मिळून हा विलंब दुप्पट होतो, वाचकाला स्वतःचाच आवाज किंचित उशिरा ऐकू येतो, आणि चांगला सरावलेला वाचकही अडखळतो.

प्लगइन बनवणाऱ्यांकडे मी अनेकदा विचारणा केली. दरवेळी 'काम चालू आहे' असेच उत्तर आले, पण एकदा त्यांनी कारणे सविस्तर कळवली आणि ती मला पटली. घरघर ओळखणारा भाग त्यांनी इंटेल प्रोसेसरच्या एसएसई सूचनांमध्ये हाताने लिहिलेला आहे, तो एआरएमच्या (ॲपलच्या चिप ज्या रचनेच्या आहेत तिच्या) निऑन सूचनांमध्ये नव्याने लिहावा लागेल. त्यानंतर आकडेमोडीत पडणारे बारीक फरक कानाने तपासावे लागतील. परवाना तपासणारी लायब्ररी दुसऱ्या कंपनीची आहे आणि तिची नवी आवृत्ती त्यांना मिळालेली नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. इंटेल प्रोसेसरवर स्मृतीत लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींचा क्रम कडकपणे पाळला जातो, एआरएममध्ये हा नियम सैल आहे. त्यामुळे ध्वनी हाताळणारा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणारे काम) आणि पडद्यावरची बटणे हाताळणारा धागा यांच्यातील देवाणघेवाणीत एखादी चूक असेल, तर ती इंटेलवर वर्षानुवर्षे लपून राहते आणि थेट एआरएमवर अचानक उघडी पडते. रोझेटाखाली ती दिसत नाही, कारण ॲपलच्या चिपमध्ये इंटेलसारखा क्रम पाळण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. एवढे काम दोन-तीन माणसांच्या चमूला जड जाणारच, म्हणून मी आजवर धीर धरला.

आता मात्र थांबण्याला मुदत आली आहे. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, आणि रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील. त्यापुढे काही जुन्या गेमपुरताच त्याचा मर्यादित भाग ठेवला जाणार आहे. हे अनपेक्षित नाही. २००६ मध्ये मॅक पॉवरपीसी प्रोसेसरकडून इंटेलकडे जाताना पहिले रोझेटा आले आणि २०११ च्या लायन आवृत्तीत ते काढून टाकले गेले. त्या वेळी फोटोशॉपसारख्या प्रोग्रामलाही इंटेल मॅकवर थेट चालण्यासाठी २००७ च्या सीएस३ ची वाट पाहावी लागली होती. या वेळी तोच प्रोग्राम ॲपलची एम१ चिप आल्यानंतर चार महिन्यांत, मार्च २०२१ मध्ये, थेट चालू लागला. मोठ्या कंपन्यांची स्थलांतरे केव्हाच पार पडली आहेत, मागे राहिली आहेत ती अशी छोटी साधने.

माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की संपूर्ण प्रोग्राम रोझेटावर न चालवता फक्त हे एक प्लगइन वेगळे चालवण्याचा विश्वासार्ह मार्ग आहे का? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. आमच्याकडे जवळपास ३०० पुस्तकांचे प्रकल्प आहेत, पाठ्यक्रम बदलला की त्यांतले काही धडे पुन्हा उघडून दुरुस्त करावे लागतात. ज्या दिवशी प्लगइन चालणे थांबेल, त्या दिवशी या प्रकल्पांमधील त्याची मांडणी वाचता येणार नाही. हे सगळे आजच सुरक्षित कसे करून ठेवावे? एक मॅक जुन्या आवृत्तीवर कायम गोठवून ठेवण्याचा सल्ला मला मिळाला आहे, पण तो यंत्राच्या आयुष्यापुरताच उपयोगी आहे, म्हणून त्यावर विसंबावेसे वाटत नाही.

भर: उत्तरे देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. एका सदस्यांनी सुचवल्याप्रमाणे प्लगइनची ऑडिओ युनिट (ॲपलचे प्लगइन स्वरूप) स्वरूपातील प्रत लॉजिक प्रो या ॲपलच्या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये उघडून पाहिली. लॉजिक ते वेगळ्या प्रक्रियेत चालवते, त्यामुळे ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये लॉजिकसमोर 'ॲपल' आणि त्या छोट्या प्रक्रियेसमोर 'इंटेल' असे दिसले. १२८ च्या बफरवर अर्धा तास ध्वनिमुद्रण केले, एकदाही तडतड आली नाही. ही सोयही रोझेटावरच उभी असल्यामुळे तात्पुरती आहे, हे मला मान्य आहे. प्रकल्पांबाबत, प्रत्येक धड्याची मूळ आणि स्वच्छ केलेली अशा दोन वेव्ह फाइली काढून ठेवण्याचा सल्ला मी स्वीकारला आहे. शिवाय प्लगइनच्या खिडकीचे चित्र आणि प्रत्येक खुंटीचा (नॉबचा) आकडा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदवत आहे. गेल्या आठवड्यात ११ पुस्तके अशा रीतीने पूर्ण झाली.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. जुन्या प्रकल्पांत प्लगइनची व्हीएसटी (प्लगइनचे दुसरे एक स्वरूप) प्रत वापरलेली आहे आणि तिची मांडणी ऑडिओ युनिट प्रतीत आपोआप येत नाही. घरघरीचा जो नमुना प्लगइनने ऐकून साठवलेला असतो, तो खुंट्यांच्या आकड्यांत नसतो, त्यामुळे तो हाताने लिहूनही काढता येत नाही. हा नमुना एका स्वरूपातून दुसऱ्यात नेण्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे. हवे असल्यास मी एका धड्याचा प्रकल्प चाचणीसाठी पाठवू शकते.