मदत हवी आहे: झाडाच्या खुंटावर उगवलेली अळंबी कशी ओळखायची?

नमस्कार,

अंगणातलं एक मोठं झाड ४ वर्षांपूर्वी तोडावं लागलं. मुळं खणली असती तर भिंतीला धक्का बसला असता, म्हणून खुंट तसाच ठेवला. यंदा पावसानंतर त्यावर तीन प्रकारची बुरशी आली आहे. पहिल्या दोन प्रकारांबद्दल नुसतं कुतूहल आहे, तिसऱ्याबद्दल मात्र खरी काळजी वाटते.

पहिली: पंख्यासारखे पातळ, चिवट पापुद्रे एकावर एक. वरून मखमली, राखाडी आणि तपकिरी पट्ट्यांचे, कडेला पांढरी किनार.

दुसरी: अगदी जमिनीलगत, लाकडासारखी टणक फळी. तिच्यावर आणि आसपासच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी साचली आहे. ही कीड तर नाही?

तिसरी: सालीच्या भेगांतून झुपक्यांनी आलेल्या छोट्या छत्र्या. रुंदी २ ते ४ सेंटीमीटर, रंग मधासारखा, वाळताना मधोमध फिकट होत जातात. देठावर पातळसं कडं आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही तिसरी पाहून "खायची अळंबी आहे, काढून आणा" असं सांगितलंय. मी अजून हात लावू दिलेला नाही. घरात ३ वर्षांची मुलगी आहे, ती सारखी तिथे खेळते. फोनमधल्या ॲपने एकाच छत्रीला तीन फोटोंत तीन वेगवेगळी नावं दिली. जाणकारांनी कृपया सांगा, नक्की काय बघायचं?

प्रतिसाद

आधी तिसरीबद्दल. कृपया खाऊ नका, आणि घरच्यांनाही आजच स्पष्ट सांगा. लाकडावर झुपक्याने येणारी, तपकिरी, देठावर कडं असलेली छोटी छत्री म्हटलं की गॅलेरिना मार्जिनाटा हे नाव पहिलं मनात यायला हवं. तिच्यात अमाटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष असतं. शिजवून, वाळवून ते जात नाही. उलट्या-जुलाब साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग मध्ये बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत जातं. म्हणून कुणी चुकून खाल्लंच तर त्रास व्हायची वाट न पाहता उरलेली अळंबी सोबत घेऊन रुग्णालय गाठायचं.

नुसत्या स्पर्शाने विषबाधा होत नाही, त्यामुळे मुलीने हात लावला असेल तर हात धुवा, घाबरू नका. पोटात जाणं हा धोका आहे. ती खेळते तिथल्या छत्र्या हातमोजे घालून काढून टाका, दोन-चार मात्र ओळखण्यासाठी ठेवा.

चांदीचा चमचा काळा पडणं, किड्यांनी खाल्लेली म्हणजे चांगली, या कसोट्यांवर अजिबात विसंबू नका. गोगलगायी विषारी छत्र्याही खुशाल खातात.

प्रतिसाद

ओळखायचंच असेल तर बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा घ्या. पूर्ण उमललेल्या छत्रीचा देठ कापा, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्या, त्यावर छत्री पालथी न करता, पात्या खाली येतील अशी ठेवा. वरून वाटी झाका. रात्रभरात भुकटी खाली पडते. पांढरी पडली तर आर्मिलारियाचा, म्हणजे 'हनी फंगस'चा, विचार करता येईल. जांभळट तपकिरी पडली तर हायफोलोमा, ही लाकडावरचीच आणखी एक छत्री. गंजासारखी तपकिरी पडली तर गॅलेरिनाची शंका पक्की धरा. काळा कागद यासाठी, की पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही.

आर्मिलारिया निघाली तर शेजारच्या झाडांकडेही बघा. सालीखाली बुटाच्या नाडीसारखे काळे दोर आणि पांढरा पापुद्रा दिसतो, आणि ती त्या दोरांनी मातीतून जिवंत मुळांपर्यंत पोचते. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात अशी एकच बुरशी सुमारे ९६५ हेक्टरांवर पसरलेली आहे. वरच्या छत्र्या म्हणजे फक्त फळं, खरा जीव लाकडाच्या आत आणि मातीत असतो.

प्रतिसाद

बाकीच्या दोन सोप्या आहेत. पट्ट्यांच्या पंख्याची खालची बाजू भिंगाने बघा. बारीक छिद्रं असतील, मिलिमीटरला तीन-चार, तर ट्रामेटीस. छिद्रंच नसतील आणि पृष्ठ गुळगुळीत असेल तर स्टेरियम. दुसरी बहुतेक गॅनोडर्मा. ती भुकटी कीड नाही, तिचेच बीजाणू आहेत. खालच्या पांढऱ्या बाजूवर काडीने रेघ ओढून पाहा. रेघ तपकिरी होऊन तशीच राहिली तर गॅनोडर्मा ॲप्लॅनाटम असण्याची शक्यता वाढते. लोक तिच्यावर चित्रंही कोरतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलीला छिद्रं आहेत. दुसरीवरची रेघ तपकिरी झाली आणि आज दुसऱ्या दिवशीही तशीच आहे. तिसरीचा ठसा गंजासारखा तपकिरी आला. तो कागद घरच्यांसमोर ठेवला आणि अमाटॉक्सिनबद्दल सांगितलं, तेव्हा कुठे विषय थांबला.

एक शंका राहिली. याच रंगाचा ठसा देणारी कुएनेरोमायसेस म्युटाबिलिस नावाची अळंबी लोक खातात असं वाचलं. माझ्या झुपक्यातल्या काही देठांवर कड्याखाली खवले आहेत, काहींवर नुसते रेशमी पांढरे धागे. एकाच खुंटावर दोन्ही असू शकतात का?

प्रतिसाद

हो, असू शकतात, आणि तेच सगळ्यात घातक आहे. खवले कुएनेरोमायसेसकडे बोट दाखवतात, धागे गॅलेरिनाकडे, पण पावसाने खवले धुऊन जातात. सूक्ष्मदर्शकाखाली गॅलेरिनाचे बीजाणू खरबरीत दिसतात, कुएनेरोमायसेसचे गुळगुळीत. जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग असेल तर ठशाचा कागद घडी घालून, आणि देठाच्या बुडासकट काढलेल्या दोन्ही तऱ्हेच्या छत्र्या वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घेऊन जा. प्लास्टिकमध्ये त्या सडतात. आणि निकाल काहीही आला तरी या खुंटावरचं काही ताटात येऊ देऊ नका, कारण एका छत्रीची तपासणी शेजारच्या छत्रीला लागू होत नाही.