मॅक्रोसाठी वाकणाऱ्या पायांचा ट्रायपॉड: कासला घ्यावा की नाही?

रानफुल्या:
सप्टेंबरात कासला जायचंय. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद या रानफुलांचे जवळून फोटो काढायचेत. कॅमेरा आणि १०० मिमीची मॅक्रो लेन्स मिळून सव्वा किलो भरतं. माझं मत स्पष्ट आहे, इथे गोरिलापॉडच, म्हणजे हवे तसे वाकणाऱ्या पायांचा छोटा ट्रायपॉडच हवा. दवबिंदू जेमतेम चार बोटं उंच. बहुतेक साधे ट्रायपॉड कितीही खाली केले तरी मधला दांडा जमिनीला टेकतो आणि कॅमेरा वरच राहतो. गोरिलापॉड पाय पसरून थेट फुलाच्या पातळीवर बसतो, शिवाय सॅकच्या बाजूच्या खिशात मावतो. वेगळं मत असेल तर कारणासकट सांगा.

घाटवाट:
अजिबात पटत नाही. या पायांची खरी करामत विळखा घालण्यात आहे, आणि जांभ्याच्या उघड्या सड्यावर विळखा घालणार कशाला? दुसरं म्हणजे त्याचे सांधे फक्त घर्षणावर उभे असतात. मॅक्रो लेन्सचं वजन पुढे पडतं. तुम्ही फ्रेम लावता, हात काढता आणि लेन्सचं तोंड हळूहळू खाली येतं. १:१ ला, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराचं उमटतं तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी मिलिमीटरभरच भाग नीट दिसतो, त्यामुळे एवढीशी घसरणही फोटो घालवते. फोकस स्टॅकिंगचं (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो एकत्र जोडणं) तर नावच काढू नका. मधला दांडा आडवा होणारा घ्या, मॅनफ्रोटो ०५५ सारखा, किंवा दांडाच नसलेला.

रानफुल्या:
०५५ अडीच किलोच्या घरात जातो हो! दिवसभर पाठीवर तो, वर पाऊस. आणि घसरण होते ती हलकं मॉडेल घेतल्यावर. गोरिलापॉडच्या मॉडेलांच्या नावातले ३के, ५के हे आकडे तो किती किलो पेलतो त्याचेच आहेत. सव्वा किलोसाठी सरळ ५के घ्यावा आणि एक पाय बरोबर लेन्सखाली पुढे काढावा.

घाटवाट:
तो आकडा वजन पायांच्या मधोमध असतानाचा धरा. पाय आडवे पसरले की सांध्यांवरचा ताण वाढतो, आणि तुम्ही तर ते आडवेच पसरणार. वापरून सांधे सैल होतात ते वेगळंच.

माळरान:
तुम्ही दोघंही वारा विसरलात. पठारावर कॅमेरा दगडासारखा स्थिर केला तरी देठ हलतोच. तिथे १/२५० सेकंदाहून वेगवान शटर स्पीड किंवा फ्लॅश कामाला येतो, ट्रायपॉड नाही. मला त्याहून जास्त काळजी जमिनीची आहे. कातळावर मातीचा पातळ थर, त्यात ही इवलीशी रोपं. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे. तीन पाय, दोन गुडघे आणि पोट टेकून एका फुलासाठी वीस रोपं चिरडायची, हे मला चालत नाही. पायवाटेच्या कडेला जे फूल असेल तेच टिपा, कॅमेऱ्याखाली बीनबॅग (दाणे भरलेली छोटी पिशवी) ठेवा. त्यात राजमा नको, ओला होऊन फुगतो. प्लास्टिकचे दाणे भरा.

रानफुल्या:
पायवाट सोडायची नाही, हे शंभर टक्के मान्य. पण बीनबॅगवर कोन बदलता येत नाही. फूल उतारावर असलं की कॅमेरा एका बाजूला कलतो. गोरिलापॉडचा एकच पाय वाकवला की काम झालं.

चिखलवाट:
आंबोलीच्या बाजूने बोलतो. पावसाळ्यात मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना असतात. तिथे उभा ट्रायपॉड रोवायला जागाच नसते. गोरिलापॉड शेजारच्या खोडाला बांधा. घरट्याच्याच फांदीला कधीही नको, फांदी हलते आणि वजनाने वाकते. मात्र मी त्यावर कॅमेरा लावत नाही, फ्लॅश लावतो. फ्लॅश हलका असतो, सांधे तो सहज पेलतात, प्रकाश बाजूने येतो आणि कॅमेरा हातात राहतो. अंधारात फ्लॅशच्या क्षणभराच्या झोतात हाताचा कंप फोटोत उतरत नाही.

घाटवाट:
फ्लॅशसाठी एका पायावर मान्य! मग ५के कशाला, १के पुरे. रानफुल्या, ओझंही कमी होईल.

रानफुल्या:
आंबोलीला तसं करेन. कासला मात्र ५केच नेणार आहे. पाय पायवाटेवर, लेन्स कडेच्या फुलाकडे.