मदत हवी आहे: शेतकरी उत्पादक कंपनीचा तीन वर्षांचा आराखडा (सोमवारी बैठक!)

काळीमाती: नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा तीन वर्षांचा आराखडा सोमवारी संचालक मंडळापुढे ठेवायचा आहे. अध्यक्ष मीच, त्यामुळे काम माझ्यावर. सल्लागाराच्या नमुन्यातले सगळे रकाने भरले: डाळमिल, गोदाम, निविष्ठा केंद्र (बी-खतांचं दुकान), निर्यात. एक संचालक विचारतात, "यातलं पहिलं काय?" तिथेच अडलोय. कोणाकडे तयार आराखडा असेल तर कृपया लगेच द्या.

हिशेबनीस: पीक कोणतं? जिल्हा? सभासद किती, भागभांडवल किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

टेकडीपलीकडे: ओकेआर वापरा. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हनी रुजवलेली पद्धत, 1999 मध्ये जॉन डोअरनी गूगलला दिली. एक उद्दिष्ट, खाली तीन-चार मोजता येतील असे परिणाम. आम्ही दर तिमाहीला करतो.

काळीमाती: लातूर, सोयाबीन आणि तूर. 410 सभासद, हजाराचा शेअर. पण मला पद्धत नको, आराखडा हवाय.

कायदेकानू: पहिली वार्षिक सभा नोंदणीपासून 90 दिवसांत घेतली होती ना? ते आधी तपासा.

काळीमाती: झाली हो ती सभा. विषय वेगळा आहे.

द्राक्षवेल: नाशिककडची मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघून या, द्राक्ष निर्यात करणारी शेतकऱ्यांची कंपनी आहे. आधी निर्यातीचंच स्वप्न ठेवा.

खळेकरी: द्राक्षाचं गणित सोयाबीनला लावू नका. आमची कंपनी वाशिमची, माल हाच. तुमचं भांडवल 4 लाख 10 हजार. केंद्राच्या 10,000 एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत असाल तर सभासदामागे 2,000 च्या मर्यादेत तेवढंच समभाग अनुदान मिळू शकतं. झाले सव्वाआठ लाखांच्या आत. 2025-26 च्या 5,328 हमीभावाने धरलं तर जेमतेम दीडशे क्विंटल. म्हणजे एक ट्रक. हंगामात हा पैसा किती वेळा फिरवता, हेच पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट. डाळमिल आत्ता खोडा.

दुसरं, ओलावा. 12 टक्क्यांच्या वर गेला की माल अडतो. दाणा दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या. ओलावामापक आणि चाळणी, पहिली खरेदी एवढीच.

टेकडीपलीकडे: म्हणजे मोजता येणारा परिणामच की! मी तेच म्हणत होतो.

हिशेबनीस: तिमाही मात्र नको. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास येतं, शेतकऱ्याला पैसा त्याच दिवशी लागतो. व्यापारी रोख देतो, तिथेच कंपन्या हरतात.

काळीमाती: हाच खरा प्रश्न! सभासद थांबायला तयार नसतात.

खळेकरी: ज्यांना थांबणं जमेल त्यांना बाजार समितीच्या तारण योजनेत पाठवा. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, 180 दिवस. कंपनीचं भांडवल बाकीच्यांना रोख द्यायला ठेवा.

द्राक्षवेल: भाव पडला तर?

खळेकरी: म्हणून खरेदीआधी गिऱ्हाईक ठरवा. दोन तेल गिरण्यांशी बोला. कोण बोलणार त्याचं नाव आराखड्यात लिहा, 'संचालक मंडळ' असं लिहू नका.

काळीमाती: गिरणीचं काम त्या प्रश्न विचारणाऱ्या संचालकांनाच देतो. तूर कुठे बसवू? ती जानेवारीत येते.

हिशेबनीस: सोयाबीनचा पैसा डिसेंबरअखेर मोकळा झाला तरच. नाही तर यंदा तूर सोडा.